टाका नसलेलं ऑपरेशन

मालवणातून गोव्याला लोक जत्रेला जातात, लग्नाला जातात, काहीजण नुसतेच 'बसायला' जातात. मी धाकट्या बहिणीला घेऊन गेलो ते तिच्या मेंदूखालची गाठ नाकातून काढून घ्यायला. परत आल्यापासून बाजारात भेटेल तो दोन प्रश्न विचारतो. नाकातून मेंदूपर्यंत डॉक्टर पोचतो कसा, आणि तुम्हाला फसवलं तर नाही ना? प्रत्येकाला उभ्याउभ्या सांगून माझा घसा बसला, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो आहे.

आधी माझ्याविषयी. मी एस.टी.त तिकीट तपासनीस होतो. आयुष्यभर चालत्या गाड्या थांबवल्या आणि लोकांचे चेहरे वाचले. जो आपणहून जास्त हसतो त्याच्या खिशात तिकीट नसतं, हे मी पहिल्याच वर्षी शिकलो. निवृत्त झालो तरी खोड गेली नाही. नारळवाल्याने नारळ वाजवून पुढे केला की मी तो सोडून शेजारचा उचलतो. घरचे म्हणतात, देवाने प्रसाद दिला तरी हा उलटासुलटा करून बघेल.

बहीण शेवंती माझ्याहून आठ वर्षांनी लहान. नवरा लवकर गेला, मूल नाही. मालवणच्या मासळीबाजारात पाटी घेऊन बसते आणि कोणाच्या उपकारात राहत नाही. दोन हजार सात सालच्या दिवाळीनंतर तिच्या पाटीच्या कडेचे बांगडे कमी होऊ लागले. मला अर्थातच शेजारणीचा संशय आला. मी दोन सकाळी खांबाआड उभा राहिलो. दुसऱ्या सकाळी चोर सापडला. ते मांजर होतं, आणि त्याने बांगडा उचलला तो शेवंतीच्या गुडघ्याला घासून. शेवंतीने मानसुद्धा वळवली नाही. समोरच्या गिऱ्हाइकाच्या नाकातली चमकी तिला दिसत होती, गुडघ्याजवळचं मांजर दिसत नव्हतं.

मग कुडाळचे डोळ्यांचे डॉक्टर झाले, स्कॅन झालं. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. नाकाच्या पार मागे, मेंदूच्या बुडाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिच्यावर गाठ वाढली होती आणि ती दोन्ही डोळ्यांच्या नसांना खालून रेटत होती. म्हणून दोन्ही बाजूंचं दिसणं गेलं होतं. गाठ काढली नाही तर समोरचंही जाणार होतं. गोव्यात एक इस्पितळ आहे, तिथे दुर्बिणीने नाकातून काढतात, असं त्यांनी सांगितलं आणि चिठ्ठी दिली. चिठ्ठी इतक्या चटकन दिली की यांचा त्या इस्पितळाशी काय संबंध, हा प्रश्न मी खिशात ठेवून घरी आलो.

निघण्याआधी देवाला कौल लावला. आमच्याकडे मोठं काम कौलाशिवाय होत नाही. गुरव गाऱ्हाणं घालतो, देवाच्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, आणि उजवी आधी पडली तर होकार. उजवीच पडली. पण गुरवाने ती जरा हलकीच टेकवली असं मला वाटलं, म्हणून मी पुन्हा लावायला सांगितलं. त्याने माझ्याकडे जसं बघितलं तसं मी कुठल्या फुकट्या प्रवाशाकडेही कधी बघितलं नाही. दुसऱ्यांदाही उजवीच पडली, तेव्हा मी गप्प बसलो.

कट्टा

सकाळच्या गाडीने निघालो. मी शेवंतीला खिडकीकडे बसवलं आणि स्वतः बाहेरच्या बाजूला बसलो. कंडक्टर पोरगा नवा होता. त्याने माझं तिकीट फाडलं तेव्हा मी त्यावरचे आकडे वाचून घेतले, तर शेवंती म्हणाली, निवृत्त झालास ना रे आता.

कट्ट्याला गाडी दहा मिनिटं थांबली. स्टँडसमोरच्या हॉटेलात उसळपाव बरा मिळतो, म्हणून उतरलो. शेवंती पुढे होती. एका माणसाने फणसाची पाटी आडवी ठेवली होती, ती तिच्या उजव्या अंगाला होती. तिने सरळ पाय घातला आणि हातांवर पडली. मी धावून तिला उचललं आणि दंडाला धरून चालवू लागलो. लोक बघत होते. तिने माझा हात झटकला.

"दादा, हात सोड माजो. मी अजून आंधळी जावक नाय."

तिचा तळहात खरचटला होता. त्यावर तिने चहाच्या टेबलावरचं पाणी ओतलं आणि उसळपाव संपवला. ही बाई आंधळी झाली तर दुसऱ्याच्या हाताला धरून बाजारात बसणार नाही, ती घरातच बसून वाळत जाईल, हे मला त्या टेबलावर पक्कं कळलं. त्याआधी मी फक्त डॉक्टरांची भीती बाळगून होतो.

बांदा

बांद्याला इनासच्या घरी मुक्काम केला. इनास आमच्याच डेपोतला ड्रायव्हर, माझ्याच वेळी निवृत्त झालेला. घर हायवेपासून आत, पोफळीच्या बागेत. आमच्या अंगणात तुळस असते तिथे त्यांच्या अंगणात खुरीस, म्हणजे क्रूस, त्याला अबोलीच्या फुलांचा वळेसर घातलेला. इनास फाटकापर्यंत धावत आला आणि मी गोव्यातल्या इस्पितळाविषयी चौकशी सुरू करताच त्याने मला थांबवलं.

"शेवंतीबायक आधी बसाक दी. मगे कर तुजी चौकशी."

आता इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी. इनासच्या गाडीत मी एकदा विनातिकीट माणूस पकडला होता. तो इनासच्या बायकोचा, कातरीनबायचा, सख्खा भाऊ निघाला. चारचौघांत त्याला खाली उतरवलं होतं. त्याला पुष्कळ वर्षं झाली, पण कातरीनबाय विसरली असेल असं मला कधीच वाटलं नाही. म्हणून तिने कोंबडीची शागुती, तांदळाची वाफवलेली सान्नां आणि वर गोडाला नारळाची दोदोल असं ताट वाढलं तेव्हा मी विचार करत जेवलो. एवढं कशासाठी?

जेवण मात्र झकास होतं. आमचं मालवणी वाटण आणि त्यांचं वाटण जवळजवळ सारखंच, फक्त त्यांच्याकडे आमसुलाच्या जागी माडाचं विनागर, म्हणजे माडीचा शिरका, पडतं आणि जिभेच्या टोकाला चावतं. संध्याकाळी कातरीनबायने खुरसापाशी मेणबत्ती लावली आणि शेवंतीच्या नावाने काहीतरी पुटपुटली. मी इनासला विचारलं, काय बोलली ती? नवस बोलली असेल तर फेडायचा कोणी? इनास म्हणाला, ते ती आणि तिची सायबीण, मेरीमाता, बघून घेतील, तू झोप.

गोवा

इस्पितळाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मी तिथे जे जे बोललो ते वाचून त्यांना परत आठवायला नको.

तिथे एका शेवंतीला दोन डॉक्टर होते, एक नाकाचा आणि एक मेंदूचा. दोघेही माझ्या मुलाच्या वयाचे. एका कामाला दोन माणसं लागतात तेव्हा एकालाही ते धड येत नसतं, असा माझा डेपोतला अनुभव. मी तसं जवळजवळ बोलूनही दाखवलं. नाकाचा डॉक्टर हसला नाही, म्हणून तो मला बरा वाटला. त्याने समजावलं की वाट तो करून देतो आणि काम दुसरा करतो. दुर्बीण नाकपुडीतून जाते, नाकाच्या मागचं पातळ हाड उघडायचं, त्याच्या पलीकडेच गाठ. कवटी कापायची नाही, केस काढायचे नाहीत, बाहेर टाका नाही.

हे 'टाका नाही', इथेच माझं सगळं अडलं. तपासनीस पंच केलेलं तिकीट मागतो. ऑपरेशनाचा टाका म्हणजे मला तो पंच वाटत होता. जिथे टाकाच नाही तिथे आत काय केलं, की काहीच केलं नाही, हे आम्ही कशावरून ओळखायचं? डॉक्टर म्हणाला, सगळं टीव्हीवर दिसतं, त्याचं चित्रण दाखवीन.

ऑपरेशनाला पाच तास लागले. मी बाहेरच्या बाकावर बसून दाराकडे बघत राहिलो. आत कोण गेलं, बाहेर कोण आलं, कोणाच्या हातात काय होतं, सगळं पाठ केलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी खरंच चित्रण दाखवलं. गुलाबी गुहा, तिच्या टोकाला पांढरं हाड, ते फुटल्यावर आतून नारळाच्या मलईसारखं काहीतरी निघत होतं. ती गाठ. हे शेवंतीचंच कशावरून, असं मी विचारलं. कोपऱ्यात नाव आहे, तो म्हणाला. नाव काय, कोणीही टाईप करतं, मी म्हणालो. त्यानंतर त्याने मला बोलावणं बंद केलं.

पण शेवंतीची बातमी चांगली होती. नाकात बोळे होते, तोंडाने श्वास घेत होती, चेहरा सुजलेला. मी तिच्या डाव्या अंगाला स्टुलावर बसलो होतो. ती छताकडे बघत होती. मान न हलवता म्हणाली, "दादा, तू डाव्या बाजूक बसलंस. माका दिसतंस तू."

मी उठून उजव्या बाजूला गेलो, मुद्दाम आवाज न करता. तिने तिथेही मला नजरेने पकडलं. मी बाहेर व्हरांड्यात गेलो आणि रडलो. एक गोव्याची बाई घागर भरून पाणी घेऊन चालली होती, तिने थांबून कोंकणीत विचारलं, कोण वारलं का. मी नाही म्हणालो तर तिला ते खरं वाटलं नाही.

पुढचे दिवस मोजमापाचे गेले. शेवंतीने किती पाणी प्यायलं आणि किती लघवी झाली हे नर्स लिहून ठेवायची. मीही माझ्या वहीत लिहायचो, तिचा आकडा आणि माझा आकडा जुळतो का बघायला. तिसऱ्या दिवशी बोळे काढले. त्यानंतर डॉक्टर रोज सकाळ-संध्याकाळ येऊन एकच विचारायचा. नाकातून पाण्यासारखं गळतं का? घशात खारट लागतं का? मेंदूभोवतीचं पाणी असतं ते खारट असतं, ते गळायला लागलं म्हणजे आतली चिकटवलेली जागा उघडी पडली, आणि त्या वाटेने मेंदूत जंतू जाऊ शकतात. तसं झालं तर डोळे राहिले बाजूला, माणूसच जायचा. तो हे शेवंतीला विचारायचा, पण मी उशापाशीच उभा असायचो आणि मीच सांगायचो, काही नाही, सगळं ठीक आहे. हो म्हटलं की आणखी आठ दिवस ठेवून घेतील, हे मला कोणी सांगायला नको होतं. सातव्या दिवशी सोडलं. वाकायचं नाही, शिंकरायचं नाही, जड उचलायचं नाही, आणि आठवडाभर जवळपास राहा, असं सांगून.

पुन्हा बांदा

जवळपास म्हणजे इनासचं घर. कातरीनबायने शेवंतीसाठी बाहेरच्या खोलीत उंच उशी करून बिछाना घातला. इस्पितळातला पाव आणि पातळ सूप खाऊन शेवंती कंटाळली होती, तिला पेज हवी होती. कातरीनबायने उकड्या तांदळाची पेज केली, सोबत भाजलेला खारा बांगडा आणि सुक्या सुंगटांची, म्हणजे सुक्या कोळंबीची, किसमूर. शेवंतीने दोन घास खाल्ले आणि ताट सारलं. मी विचारलं काय झालं.

"घशात खारट लागता रे," ती म्हणाली.

मी लगेच बांगडा आणि किसमूर चाखून बघितली. मीठ होतं, पण खारा बांगडा खारा असणारच. तरी मला वाटलं, जास्तच आहे. कातरीनबाय माझ्याकडे बघत होती आणि मला तिचा भाऊ आठवला. स्टँडवर उतरवलेला, मान खाली घातलेला. माझ्या मनात सगळं जुळलं. माझं काही वाकडं करता येत नाही म्हणून ही बाई माझ्या आजारी बहिणीच्या ताटात मूठभर मीठ टाकते आहे. हे लिहिताना मला लाज वाटते, पण त्या वेळी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशीही तेच. सकाळच्या चहालासुद्धा शेवंतीने तोंड वाकडं केलं. त्या दुपारी ती माझी नजर चुकवून मागच्या पडवीत गेली आणि कातरीनबायच्या आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, बसून मासे चिरू लागली, हातांना चैन पडत नव्हती म्हणून. खाली वाकून बसली होती. मी ओरडून उठवलं. तिने नाक पदराला पुसलं आणि म्हणाली, सर्दी झाली आहे, मासे विकणाऱ्या बाईचं नाक कधी कोरडं असतं का. मलाही ते पटलं. बाजारात बर्फाजवळ बसणाऱ्या सगळ्याच बायकांची नाकं वाहत असतात.

संध्याकाळी मी ठरवलं, कातरीनबायला पुराव्यासकट पकडायचं. मी स्वतः चुलीपाशी बसलो. इनासला म्हणालो, आज पेज मी करणार. माझ्या हाताने तांदूळ धुतले, माझ्या हाताने शिजवले, आणि मिठाचा कणही घातला नाही. बिनमिठाची पेज शेवंतीला दिली आणि कातरीनबायला मुद्दाम समोर उभं केलं. मला म्हणायचं होतं, बघा, आता कशी गोड लागते.

शेवंतीने घोट घेतला.

"कशी आसा?" मी विचारलं.

"खारट," ती म्हणाली.

"तेच्यात मीठ घालूक नाय."

शेवंतीने माझ्याकडे बघितलं, मग वाडग्याकडे. ती वाकली तसा तिच्या नाकाच्या टोकावरून एक थेंब पेजेत पडला. पाण्यासारखा स्वच्छ. मग दुसरा. कातरीनबाय पुढे झाली. तिने शेवंतीचं डोकं मागे धरून उशीला टेकवलं आणि इनासला गाडी काढायला सांगितली.

इनासने शेजाऱ्याची जीप आणली. त्याने ती जशी चालवली तशी त्याने नोकरीत एस.टी. कधी चालवली असती तर त्याच्या गाडीतले प्रवासी झोपून उतरले असते. प्रत्येक खड्ड्याला पाय ब्रेकवर. मागे शेवंती कातरीनबायच्या मांडीवर डोकं उंच करून पडली होती. मी पुढे बसलो होतो आणि मागे वळून बघायचं धैर्य मला होत नव्हतं.

मेंदूच्या डॉक्टरने तो थेंब तपासायला पाठवला आणि माझ्याकडे न बघता सांगितलं की तेच आहे. पुन्हा नाकातून जावं लागलं. या वेळी मांडीतून चरबीचा तुकडा काढून आतल्या भोकाला लावला आणि पाठीत नळी घालून पाणी बाहेर काढत ठेवलं. शेवंतीच्या मांडीवर तीन टाके पडले. मला हवे होते ते टाके. त्यांच्याकडे मला बघवेना.

ताप आला नाही. जंतू आत गेले नाहीत. डोळे शाबूत राहिले. डॉक्टर म्हणाला, आणखी दोन दिवस घालवले असते तर मी काही सांगू शकलो नसतो.

मालवण

परतताना बांद्याला इनासकडे चहाला थांबलो. मी कातरीनबायला सगळं सांगितलं, तिच्या मिठाचा संशय, भावाची गोष्ट, पेजेचा डाव. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, भावाला उतरवलंत ते बरं केलंत, नंतर त्याने कधी फुकट प्रवास केला नाही. आणि आत जाऊन तिने शेवंतीसाठी दोदोल बांधून आणली.

बांद्याहून निघाल्यावर शेवंती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. कुडाळ मागे पडल्यावर तिने सांगितलं.

"दादा, खारट पाणी माका इस्पितळातच लागत होता. चवथ्या दिसापासून."

मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस?

"डॉक्टरान इचारल्यान तेवा तूच नाय म्हणान सांगलंस. मी हा म्हटला आसता तर तू तेचो गळो धरलो असतंस, नि माका तशीच उठवन घराक घेवन इलो असतंस. माका दिसाक लागला होता, दादा. माका थंयसून जावचा नाय होता. वाटला, आपसूक थांबतला."

ती रागाने बोलली नाही. पाटीतले मासे मोजून द्यावेत तसा एकेक शब्द देऊन बोलली आणि परत खिडकीबाहेर बघू लागली. मला वाटत होतं, मी तिच्या आणि त्या डॉक्टरांच्या मध्ये पहारा देत होतो. मी तिच्या आणि तिच्या डोळ्यांच्या मध्ये उभा होतो.

आता शेवंती बाजारात बसते. दर सहा महिन्यांनी गोव्याला तपासणी असते. पहिल्याच खेपेला तिने सांगून टाकलं की कातरीनबाय बांद्याला गाडीत चढेल, तू घरी थांब. मी थांबलो. संध्याकाळी ती आली, पाय धुतले, आणि मी विचारलं डॉक्टर काय म्हणाले. "बरा आसा," ती म्हणाली आणि आत गेली.

मी तपासणीचा कागद मागितला नाही. तर मला फसवलं का, याचं उत्तर असं की त्या दोन डॉक्टरांनी नाही, इनासने नाही, कातरीनबायने नाही. पण शेवंती 'बरा आसा' म्हणते तेव्हा मला ती सगळं सांगते का, की मी काय करीन या भीतीने गिळून टाकते, हे मला कळत नाही. हा संशय जात नाही, आणि तो तिच्यावर नव्हे तर कोणावर घ्यायचा हे मला माहीत आहे.